इटालियन भाषा-संस्कृतीची पदवी: आखणीपूर्वी

रचना: इटलीत ‘लाउरेआ’ 3 वर्षांची, 180 क्रेडिटची. पुढची ‘लाउरेआ माजिस्त्राले’ 2 वर्षांची, 120 क्रेडिटची. 1 क्रेडिट म्हणजे वर्गातली शिकवणी आणि स्वतःचा अभ्यास धरून 25 तासांचं काम.

विषयांचे गट: पायाभूत, मुख्य, संलग्न आणि ऐच्छिक. ‘लाउरेआ’त संलग्न विषयांना किमान 18, ऐच्छिक विषयांना किमान 12 क्रेडिट. कलेतिहास, सिनेमा, ऑपेरा किंवा इतिहास जोडायचा तो मुख्यतः इथेच. म्हणून हे दोन गट आधी पाहावेत.

फरक ओळखा:
• ‘लेत्तेरे’: इटालियन साहित्य, लॅटिन, भाषाशास्त्र.
• ‘लिंग्वे’: दोन परदेशी भाषा आणि त्यांच्या संस्कृती. नाव भाषांचं असलं तरी भर इटालियनवर असेलच असं नाही.
• ‘दाम्स’: कला, संगीत, नाट्य यांचा एकत्र अभ्यासक्रम. सुरुवात बोलोन्यात, 1971. लेखक उंबेर्तो एको इथे शिकवत.
• पेरूजा आणि सिएना: परदेशी विद्यार्थ्यांसाठी उभी राहिलेली विद्यापीठं.

भाषेची पातळी: युरोपीय चौकटीत ए1 ते सी2 अशा 6 पायऱ्या. इटालियन माध्यमाच्या पदवीला साधारणपणे बी2 लागते. प्रमाणपत्र परीक्षा: पेरूजाची ‘चेली’, सिएनाची ‘चिल्स’.

गुण: प्रत्येक परीक्षा 30 पैकी, उत्तीर्ण 18 ला. अंतिम पदवी 110 पैकी.

प्रमाणभाषेपलीकडे: 1999 च्या कायद्यानं सार्डिनियन, फ्रिउलियनसह 12 अल्पसंख्य भाषांना संरक्षण दिलं. नेपोलिटन आणि सिसिलियन त्या यादीत नाहीत. पण एदुआर्दो दे फिलिप्पो यांची नाटकं नेपोलिटनमध्येच बोलतात. रंगभूमी किंवा सिनेमा निवडणाऱ्यांनी बोलीविज्ञानाचा एक विषय जरूर घ्यावा.