मन लागतं, दह्यासारखं!

पुस्तक उघडून अर्धा तास झाला, पान तेच. मग घरोघरी ऐकू येतं, "आई, अभ्यासात मनच लागत नाही!" मराठीत मन लागतं, तसं दहीही लागतं. दूध कोमट हवं, चमचाभर विरजण हवं आणि भांडं हलवायचं नाही. दही लागावं म्हणून कुणी दुधावर ओरडत नाही. मनाचंही तसंच आहे. ते लागेल अशी सोय करायची! ती कशी करायची, हे सांगणाऱ्या आठ गोष्टी:

१. विरजण चमचाभरच
१९८०च्या दशकाच्या अखेरीस इटलीतला फ्रांचेस्को चिरिल्लो हा विद्यार्थी अभ्यास होत नाही म्हणून वैतागला होता. त्यानं स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर उचललं आणि स्वतःला विचारलं, दहा मिनिटं तरी खराखुरा अभ्यास जमेल का? त्यातूनच 'पोमोदोरो' पद्धत जन्मली. पोमोदोरो म्हणजे इटालियन भाषेत टोमॅटो! २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं विश्रांती. अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी.

२. अर्थ कळला की ओझं हलकं
जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउसनं निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून विसरणं मोजलं आणि १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. पाठ केलेल्यातलं निम्म्याहून जास्त तासाभरातच गळून जात होतं. पण त्यानं अर्थपूर्ण कविता पाठ केली, तेव्हा मेहनत लागली साधारण एक दशांश! म्हणून घोकण्याआधी धडा समजून घ्या.

३. उजळणीला तोड नाही
तांब्या घासून उजळायचा, तशी विद्याही उजळायची. म्हणून तर पूर्वी पाढे म्हणण्याला उजळणी म्हणत. पुस्तक मिटून पावकी-निमकीचे, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे म्हणणारी ती पोरं योग्य वाटेवर होती! अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रत्येक विद्यार्थ्याला दोन उतारे दिले. एक उतारा पुन्हा वाचायचा, दुसरा न बघता आठवून लिहायचा. पाच मिनिटांनी पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवत होता. आठवड्यानंतर मात्र वाचलेल्यातलं ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के.

४. गणित अर्धं ठेवून उठा
मारिया ओव्स्यांकिना यांनी बर्लिनमध्ये लोकांना कोडी, जुळवाजुळवी अशी कामं दिली आणि ती मध्येच थांबवली. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: मोकळा वेळ मिळताच बहुतेकांनी कुणी न सांगता अर्धवट काम पुन्हा हातात घेतलं. सुट्टीपूर्वी एखादं उदाहरण अर्ध्यावर सोडून बघा. परत बसताना 'सुरुवात कुठून करू' हा प्रश्नच उरणार नाही.

५. दही रात्रीच लागतं
१९२४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून अक्षरगट पाठ करून घेतले. नंतर तेवढेच तास कधी झोपेत जायचे, कधी जागेपणी. झोपेनंतर कितीतरी जास्त आठवलं! परीक्षेच्या आदल्या रात्रीची झोप वाया जात नाही. तीही अभ्यासातच धरा.

६. एक दिवस चुकला? चालतंय!
२१ दिवसांत सवय लागते, असं सगळेच सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या खाण्यापिण्याच्या, व्यायामाच्या नव्या सवयी तपासल्या. कुणाला १८ दिवस लागले, कुणासाठी २५४ दिवसांचा अंदाज निघाला. मधला आकडा आला ६६! आणि सगळ्यांत दिलासा देणारी गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकल्यानं सवय मोडत नव्हती. काल अभ्यास बुडाला असेल, तर आज बसा.

७. सातचा भोंगा
सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं १५ ऑगस्ट २०२२ पासून एक रीत पाडली. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद. पोरं पुस्तकं घेऊन बसतात. शेजारची मालिकाही बंद असते, त्यामुळे मोह आवरण्याची लढाई एकट्या पोराला लढावी लागत नाही. भांडं हलू नये, ही काळजी अख्खं गाव घेतं!

८. रात्री दोनची हाक
मुंबईत परळच्या चाळीतली एक खोली, त्यात सगळा संसार आणि उजेडाला रॉकेलचा दिवा. शाळकरी भीमराव आंबेडकर तिथे लवकर झोपत. वडील रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवत आणि त्याच जागी स्वतः आडवे होत. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. पुढे त्यांनी दादरला 'राजगृह' हे घर बांधलं, ते पुस्तकांना पुरेशी जागा मिळावी म्हणून!

आज तुमच्या घरी कुणी अभ्यासाला बसणार असेल, तर टीव्हीचा आवाज बंद करा आणि रामजींसारखी थोडी जागा करून द्या. मन लागेल.