घोट्याजवळची नस

एसटीने कुडाळला जायचं म्हटलं की सकाळपासून घोटभर पाणी न पिणाऱ्या बायका मालवणात कितीतरी सापडतील. लग्नघरी गेल्यावर त्यांची पहिली चौकशी बाथरूम कुठे, ही. रात्री तीन-चार वेळा उठणं, घाई लागली की दारापर्यंतही दम न निघणं, लुगडं खराब होणं... बोलणार कुणाशी? आमच्या शेजारच्या काकींनी तर अंगणेवाडीची जत्रा सोडली, रात्रभराचा दशावतारही सोडला. विचारलं तर म्हणाल्या, “वय झालां गो आता, ह्यां असांच चलतलां.”

मैत्रिणींनो, वयाबरोबर हा त्रास वाढतो हे खरं. पण म्हणून सोसतच राहायचं? मूत्राशय पुरतं भरण्याआधीच आकुंचन पावू लागतं, त्याला डॉक्टर ‘ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर’ म्हणतात. आधी लघवीची आणि साखरेची तपासणी हवीच, कारण जंतुसंसर्गाने किंवा मधुमेहानेही असंच होतं. मग चहा कमी करणं, लघवी अडवताना आवळतो ते स्नायू आवळण्याचा व्यायाम, दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवणं. पाणी मात्र तोडू नका. लघवी गडद झाली की मूत्राशय जास्तच चुरचुरतं. एवढ्याने भागलं नाही तर गोळ्या. पण काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, उतारवयात विसराळूपणाही वाढू शकतो. काकींचं गाडं इथेच अडलं.

त्यापुढचा उपाय ऐकून मला आधी हसूच आलं. दुखणं ओटीपोटात आणि सुई पायाला! पायाच्या आतल्या घोट्याच्या वर साधारण तीन बोटं ‘टिबियल’ नावाची नस असते. ती पाठीच्या कण्याच्या ज्या भागातून निघते, तिथूनच मूत्राशयाच्याही नसा निघतात. बारीक सुईतून तिला सौम्य विद्युतप्रवाह दिला की मूत्राशयाचे बिनसलेले संदेश ताळ्यावर यायला मदत होते. दर आठवड्याला अर्धा तास, असे बारा आठवडे. नंतर गुण टिकवायला अधूनमधून, बहुधा महिन्याने. सुईऐवजी कातडीवर चिकटपट्ट्या लावूनही हे करतात. कंबरदुखीला फिजिओथेरपिस्ट वापरतात तसंच ‘टेन्स’ मशीन त्याला चालतं, पण जागा आणि प्रवाह जाणकारानेच ठरवायचा. पाठीत छोटं यंत्र बसवायची शस्त्रक्रियाही आहे. अमेरिकेत तिला १९९७ साली मान्यता मिळाली, पण ती खर्चिक.

“करंट देतत?” काकी घाबरल्याच. पायाच्या अंगठ्यात मुंग्या येतात, तो हलतो, इतकंच. सुईच्या जागी थोडं दुखतं किंवा काळंनिळं पडतं. हृदयात पेसमेकर असेल तर आधी सांगायलाच हवं. आणि गुण सगळ्यांनाच येतो असं नाही. आला तरी बहुधा काही आठवड्यांनी कळतो.

खरी अडचण बारा खेपांची. आपल्याकडची माणसं मोठ्या दुखण्याला बांबोळी किंवा कोल्हापूर गाठतात. म्हाताऱ्या बाईला दर आठवड्याला तिथवर नेणार कोण? म्हणून यूरॉलॉजिस्टना पहिल्याच भेटीत विचारा, पट्ट्यांचा उपचार कणकवली-कुडाळच्या फिजिओथेरपिस्टकडे करता येईल का. जाताना तीन दिवसांची टिपणवही न्या. किती वाजता गेलात, किती प्यायलात, कधी कपडे ओले झाले. सासूबाईंना लिहिता येत नसेल तर सुनेने लिहावं. काकींची वही सध्या माझ्याकडे आहे.