जिताड्याला चालतं

पहाटेचे पाच. घरामागच्या तलावावर पंप धडधडतो आहे, पण पाणी कुठल्या शेताला जात नाही. तलावातलंच पाणी उचललं जातं, आडव्या फळीवर आपटतं आणि फुटून परत तलावात पडतं. दादा पायरीवर उकिडवे बसलेत, बॅटरीचा झोत पाण्यावर धरून. झोतात एक रुपेरी पाठ वर येते, तोंड उघडतं, मिटतं, खाली जातं. मग दुसरी. मग एकदम चार.

"वर यायला लागले. हवा कमी पडते त्यांना."

तलावातलं हिरवं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्रभर तोच ओढत बसतं. त्यामुळे उजाडायच्या आधीची घटका सगळ्यांत वाईट. त्यातून पाणी तापलेलं असलं की प्राणवायू मुळातच कमी मावतो. जूनचा दुसरा आठवडा सरला तरी पाऊस नाही. छातीभर असायचं ते पाणी मांडीवर आलंय. दोन वर्षं पोसलेला मासा एका पहाटेत जातो, म्हणून दादा झोपत नाहीत.

हा अलिबागचा खारेपाट, शहापूर-धेरंडचा पट्टा. धरमतर खाडीला बांध घालून मिळवलेली जमीन. इथे घराला अंगण असावं तसा तलाव असतो आणि तलावात जिताडा. जावई आला की जिताडा, आणि कचेरीत काम अडलं की साहेबाच्या घरीही जिताडाच. या माशाने किती सातबारे सरळ केले असतील, त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

उजाडतं. आई तांब्या घेऊन येतात, पाण्यात बोट बुडवतात, जिभेला लावतात. "खारट झाला पानी." दादा खिशातून छोट्या दुर्बिणीसारखी नळी काढतात, काचेवर थेंब सोडतात, उजेडाकडे धरून बघतात. हजारी सतरा. समुद्राच्या जवळजवळ निम्मं. "मंग? मी काय वेगलं सांगितलं?" आई तांब्या विसळत म्हणतात.

"जिताड्याला चालतं," दादा मला म्हणतात. खरंच चालतं. हा मासा गोड्यात वाढतो, खाऱ्यातही वाढतो. भाताला मात्र चालत नाही. तलावापलीकडे त्यांचं शेत आहे. उधाणाने बांधाला खांड पडली, खाडी आत आली, आणि दोन पावसाळे तिथे आवणी नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचं बी लावून झालं. ते थोडा खारटपणा सोसतं. पण खाडीच तुंबून राहिली तर तेही हात टेकतं. आता त्या शेतात गुडघाभर तिवर उगवलाय. उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशापासून तिवराला हात लावायची सोय नाही. तिवर किनारा राखतो हे मलाही मान्य आहे, दादांनाही आहे. पण तो बांधाच्या बाहेर असताना.

तलावाच्या कोपऱ्यात जाळीचा चौकोनी पिंजरा बांधलाय. आत बोटाएवढी पिल्लं. पूर्वी पहिल्या पावसात ती खाडीतच धरायची. आता पाऊस कधी येईल आणि पिल्लं कधी लागतील याचा भरवसा नाही, म्हणून बीजकेंद्रातून आणलीत. चेन्नईच्या खाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने 1997 मध्ये या माशाची पैदास बंदिस्त टाकीत करून दाखवली, त्याचं हे फळ. वहिनी चाळणीने मोठी-लहान वेगळी करताहेत. एक पिल्लू माझ्या तळहातावर ठेवतात. त्याच्या तोंडातून शेपटी बाहेर आलीय, दुसऱ्या पिल्लाची. गिळवत नाही, टाकवत नाही.

"रोज निवडावी लागतात," वहिनी म्हणतात, "नाहीतर शेवटी एकच उरेल, गलेलठ्ठ."

तलावाचा काठ यंदा हातभर चढवलाय, वर कमरेइतकी जाळी उभारलीय. पाणी काठावरून गेलं तरी मासा जाऊ नये म्हणून. तीन वर्षं मासा राखून पाच किलोंचा करायची चैनही संपली. दीड-दोन किलोंचा झाला की श्रावणाआधीच निम्मा काढायचा.

अमावास्या कालच झाली. साडेबाराला आम्ही बाहेरच्या बांधावर उभे आहोत. भरती चढतेय, आवाज न करता. बांधाचा माथा आणि पाणी यांत आता वीतभर अंतर. आतल्या अंगाला खेकड्याच्या बिळातून बोटभर धार झिरपतेय. दादा पेंढा आणि चिखल कोंबतात, टाचेने दाबतात, पुन्हा कोंबतात. धार थांबते. खांड अशीच सुरू होते म्हणे, बिळातून.

फोन वाजतो. वहिनी. कुणी साहेब आलेत, ओटीवर बसलेत.

दादा चिखलाचा हात लेंग्याला पुसतात. "विचार त्यांना, बांध बघायला आलेत का जिताडा?"

पलीकडून वहिनींचं हसू ऐकू येतं. बिळाच्या तोंडाशी चिखल पुन्हा ओला चमकायला लागलाय. दादा फोन माझ्या हातात देतात आणि खाली वाकतात.