संगणक बंद पडला? आधी विजेची वाट तपासा

रात्री व्यवस्थित बंद केलेला संगणक सकाळी सुरूच होत नाही. बटण दाबले तरी ना दिवा लागतो, ना पंख्याचा आवाज येतो. दुकानाचे हिशेब, मुलांचे प्रकल्प, वर्षानुवर्षांची छायाचित्रे त्या पेटीत अडकल्याच्या कल्पनेनेच घरच्यांच्या पोटात गोळा येतो. त्यातच कोणी 'मदरबोर्ड गेला' असे निदान केले, की नवा संगणक घेण्याच्या गोष्टी सुरू होतात. वास्तविक अशा वेळी पहिला संशय घ्यावा तो विजेच्या पुरवठ्यावर. भिंतीतील सॉकेटपासून मदरबोर्डपर्यंत वीज नेमकी कोठे थांबली, हे क्रमाने तपासले तर पुष्कळदा दोष थोडक्यात निभावतो.

पेटीतील पेटी

कॅबिनेटमध्ये पंखा असलेली जी धातूची पेटी असते, तिला 'एसएमपीएस' अर्थात स्विच्ड मोड पॉवर सप्लाय म्हणतात. घरात येणारी वीज २३० व्होल्टची एसी असते. संगणकाच्या भागांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा डीसी पुरवठा लागतो. एसएमपीएस आलेल्या विजेचे आधी सुमारे ३२५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाबाच्या डीसीत रूपांतर करतो. मग सेकंदाला हजारो वेळा तिची उघडझाप करून, छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून तिचा दाब उतरवतो.

जुन्या संगणकांत समोरचे बटण थेट मुख्य वीजच तोडत असे. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या 'एटीएक्स' रचनेत हे बदलले. आता ते बटण मदरबोर्डला केवळ इशारा देते आणि मदरबोर्ड एसएमपीएसला जागे करतो. यासाठी संगणक बंद असतानाही ५ व्होल्टचा एक छोटा पुरवठा अखंड चालू असतो. दोष शोधताना हीच गोष्ट कामी येते.

सोपे ते आधी

सर्वप्रथम सॉकेट तपासावे. टेस्टर पेटला म्हणजे वीज आहे, असे समजण्याची चूक अनेक जण करतात. न्यूट्रल तार तुटलेली असली तरी टेस्टर पेटतोच. म्हणून त्याच सॉकेटवर टेबल लॅम्प लावून पाहणे अधिक खात्रीचे. यूपीएस किंवा स्पाईक बस्टर मध्ये असेल, तर तो वगळून संगणक थेट भिंतीला जोडावा. मॉनिटरची वीजकेबल पुष्कळदा तशाच प्रकारची असते. ती लावून पाहिल्यास केबलचा दोष लगेच कळतो. एसएमपीएसच्या मागील बाजूस स्विच असल्यास तो चालू आहे ना, हेही पाहावे. काही जुन्या पेट्यांवर ११५ आणि २३० असा लाल स्विच असतो. भारतात तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून वीज दिल्यास पेटी क्षणात निकामी होऊ शकते.

एवढे करूनही संगणक ढिम्म असेल, तर कॅबिनेट उघडून मदरबोर्डवर छोटा दिवा लागलेला दिसतो का, ते पाहावे. असा दिवा सर्वच मदरबोर्डांवर नसतो. पण तो लागलेला असेल तर कायम पुरवठा पोहोचत आहे आणि दोष कदाचित केवळ समोरच्या बटणात आहे.

तारांचे रंग बोलतात

यापुढील तपासणीस साधा मल्टिमीटर पुरतो. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवून काळी सळई काळ्या तारेच्या पिनला आणि लाल सळई जांभळ्या तारेच्या पिनला लावावी. तेथे ५ व्होल्टच्या आसपास दाब नसेल, तर एसएमपीएस गेला असे समजण्यास हरकत नाही.

दाब असल्यास वीज बंद करून, केबल काढून, एसएमपीएसच्या सर्व जोडण्या सोडवाव्यात. मदरबोर्डच्या २४ पिनांच्या (जुन्या संगणकांत २०) मोठ्या कनेक्टरमधील हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेशी कागदाच्या क्लिपने जोडावी आणि मगच वीज द्यावी. काही पेट्यांचा पंखा कमी भारावर फिरत नाही, म्हणून कॅबिनेटचा एखादा पंखा जोडून ठेवावा. पुरवठा सुरू झाला, तर पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी तारेवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळावेत. सर्व तारा काळ्या असतील किंवा तयार संगणकाची जोडणी निराळी असेल, तर माहितीपुस्तिकेतील आकृती पाहिल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

आकडे योग्य आले तरी तो निर्दोषत्वाचा अंतिम दाखला नव्हे. भार पडल्यावर थकलेल्या पेटीचा दाब कोसळू शकतो. चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस लावून पाहणे, हीच खरी कसोटी. बटण दाबल्यावर पंखा एक गिरकी घेऊन थांबत असेल, तर इतरत्र शॉर्ट झाल्याने पेटीने स्वतःला बंद करून घेतले असण्याचा संभव असतो. अशा वेळी दर खेपेस वीज तोडून यूएसबी उपकरणे, डीव्हीडी ड्राइव्ह, ग्राफिक्स कार्ड एकेक करून काढावे. ज्याच्या अनुपस्थितीत संगणक सुरू होईल, तो दोषी.

पेटी मात्र उघडू नये

एसएमपीएसचे झाकण घरी उघडणे हे जिवावर बेतणारे साहस आहे. आतील मोठ्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही प्राणघातक दाबाची वीज साठून राहू शकते. आतला फ्यूज उडाला असेल, तर बहुधा दुसरा एखादा भाग शॉर्ट झालेला असतो. फ्यूजच्या जागी जाड तार बसवण्याचा 'देशी' उपाय म्हणजे आगीला निमंत्रण. जळका वास आला, तर पुढचे प्रयोग थांबवून पेटी बदलावी.

नवी पेटी घेताना ठळक अक्षरांतील वॅटच्या आकड्यावर विसंबू नये. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत, ते पाहावे. तेथे २५ असेल, तर त्या दाबावर ३०० वॅट मिळतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः यावरच चालतात. जोडीला सॉकेटचे अर्थिंगही तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर ते नाही असे समजावे. पंख्यात साचलेली धूळ आणि वीज परत येतानाचा झटका हे या पेटीचे नेहमीचे शत्रू. वीज गेली, की प्लग काढून ठेवण्याची सवय त्यामुळेच हिताची.

वीजपुरवठा थांबला म्हणून हार्ड डिस्कवरील माहिती आपोआप पुसली जात नाही. पेटी बदलल्यावर ती बहुधा जशीच्या तशी समोर येते. मात्र दाब अनावर होऊन डिस्कही जळू शकते. म्हणूनच महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत वेगळ्या जागी असावी, आणि ती संगणक चालू असतानाच काढलेली असावी.