पिंगळीची लोकसंख्या आणि आपला रकाना

परभणी सोडून गाडी पूर्णेकडे निघाली की पिंगळी स्टेशन लागते. या गावाचा इतिहास कुणी विचारला तर निझामाची राजवट, १७ सप्टेंबर १९४८ चा मुक्तिदिन आणि १ मे १९६० चा महाराष्ट्र, एवढे सांगून लोक मोकळे होतात. यात गावकुसाबाहेरचा माणूस कुठे आहे? त्याच्या नावाने ना शिलालेख, ना बखर. तो सापडतो फक्त जनगणनेच्या रकान्यात.

हा रकानाही त्याला फुकट मिळालेला नाही. १९३१ च्या जनगणनेत निझामाच्या राज्यातील अस्पृश्यांची नोंद ‘आदि हिंदू’ म्हणून झाली. तिच्यामागे भाग्यरेड्डी वर्मा यांची चळवळ उभी होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली तेव्हा पिंगळी अजून हैदराबाद राज्यातच होती. १ नोव्हेंबरला ती मुंबई राज्यात आली. राज्य सरकारी हुकुमाने बदलले, धम्म मात्र माणसांनी स्वतः बदलला. १९५१ साली महाराष्ट्रात जेमतेम अडीच हजार बौद्ध होते. १९६१ साली ते २७ लाख ८९ हजार झाले. ही लोकसंख्यावाढ नव्हे, ही क्रांती आहे!

पण २०११ चा आकडा नीट वाचा. राज्यात बौद्ध ६५ लाख ३१ हजार. त्यापैकी अनुसूचित जातीत नोंद झाली सुमारे ५२ लाखांची. उरलेले तेरा लाख त्या गणतीत नाहीत. दुसरीकडे घरात बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर असूनही धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहिले गेलेले किती, याचा हिशेब कोण देणार?

ग्रामपंचायतीतील राखीव जागा, वस्तीचा रस्ता, नाली, पाणी, समाजमंदिर, सारे अनुसूचित जातीच्या लोकसंख्येवर ठरते. पिंगळीसारख्या गावात दहा-वीस घरे चुकली तरी एक प्रभाग हातचा जाऊ शकतो.

आता जनगणना येत आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ असून १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची गणना होणार आहे. तेव्हा धर्म विचारला की ‘बौद्ध’ सांगा. जात विचारली की अनुसूचित जातींच्या यादीतील आपली जात सांगा. तिथे ‘बौद्ध’ लिहू नका, कारण यादीत त्या नावाची जातच नाही. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीचा हक्क मिळाला आहे. दोन्ही उत्तरे एकत्र चालतात.

काही बांधव म्हणतील, बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर जात कशाला लिहायची? हा सल प्रामाणिक आहे. पण गावाने केलेल्या अन्यायाची ती सरकारदरबारी नोंद आहे. ती खोडल्याने जात मरत नाही, फक्त आपला हक्क मरतो.

प्रगणक दारात येईल त्या दिवशी घरातले शिकलेले पोर पुढे बसवा. काय लिहिले ते वाचून घ्या. आपला इतिहास आपणच लिहायचा आहे. सुरुवात त्या रकान्यापासून करा.

जयभीम!