काडतूस चढवावे की न चढवावे?

वस्त्रांआड पिस्तूल बाळगण्याची मुभा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सर्रास असल्यामुळे, नळीच्या बुडाशी असलेल्या घरात काडतूस आधीच चढवून ठेवावे की प्रसंगी चढवावे, हा प्रश्न तेथील सामान्य नागरिकासही पडतो. १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याचे टोक थेट काडतुसाच्या टोपीवर टेकत असे व हत्यार खाली आपटल्यास चाप न ओढताही बार उडण्याची भीती असे. म्हणून सहांपैकी पाचच घरे भरून घोडा रिकाम्या घरावर विसावू देण्याचा शहाणा रिवाज पडला. पुढे यंत्ररचना सुधारत गेली, आणि ऑस्ट्रियाच्या फौजेने १९८० च्या दशकात स्वीकारलेल्या ग्लॉक पिस्तुलात तर चाप मागे गेल्याखेरीज सुई सुटूच नये अशी तिहेरी तजवीज आहे.

यास्तव, यंत्र शाबूत असेल तर, धोक्याचे मूळ आता हाताळणीत आहे: म्यानात हत्यार सारताना सदऱ्याची कड चापात अडकली, तर यंत्रास ते बोटच भासते. काडतूस आधीच चढवून ठेवण्याचे समर्थक म्हणतात की हल्ल्याच्या क्षणी ते चढवण्यासाठी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढण्यास दुसरा हात मोकळा असेलच असे नाही, आणि हे म्हणणे वजनदार आहे. तथापि चाप पूर्ण झाकणारे ताठ म्यान व नित्य सराव ज्याच्यापाशी नाही, त्याने ते घर रिकामेच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तेवढ्या भरवशावर हत्यार मुलांच्या हाती लागेल असे कदापि ठेवू नये, कारण मॅगझिन भरलेले असता स्लाइड एकदा ओढून सोडली की तेच पिस्तूल सज्ज होते.