नाणे वाजवून घ्यावे

‘नाणे वाजवून घ्यावे’ हा उपदेश आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या कुटुंबांत बोलीचे पुष्कळ शब्द मागे पडले, परंतु हा वाक्प्रचार टिकून राहिला. आमच्या बऱ्हाणपुरात तर त्यास इतिहासाचा आधार आहे. तापीकाठचे हे गाव मोगल अमदानीत टांकसाळीचे शहर होते. शहाजहान व औरंगजेब यांच्या रुपयांवर बऱ्हाणपूरच्या टांकसाळीचे नाव आढळते. येथील तलम कापड इराण व तुर्कस्तानापर्यंत जात असल्याचे फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने सतराव्या शतकात नमूद करून ठेवले आहे. जेथे व्यापार मोठा, तेथे नाणीही नाना ठिकाणची येणार. अशा काळी सराफ नाणे दगडावर वाजवून पाही, तोलून पाही, कसास लावी आणि कित्येकदा आपली बारीकशी खूणही त्यावर उमटवी. जुन्या, झिजलेल्या नाण्यास बट्टा लागे. ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण आजही म्हणतो, ते याच व्यवहारातून आलेले आहे.

सराफाजवळ दोन वस्तू सदैव स्वतःच्या असत: एक कसोटी आणि दुसरी वही. पेढीवर आलेला गृहस्थ कितीही थोर असला, तरी नाण्याविषयी त्याचा शब्द सराफ प्रमाण मानीत नसे. हे सारे आठवण्यास कारण झाले ते गेल्या पावसाळ्यातील एका प्रसंगाचे.

आमचे एक निवृत्त सहकारी एका संध्याकाळी घरी आले. वयाने व मानाने मोठे, म्हणून आम्ही सारे त्यांना अण्णाच म्हणतो. त्यांनी मोबाइल आमच्यापुढे ठेवला. त्यावरील एका ॲपमध्ये त्यांच्या नावे अकरा लाख चाळीस हजार रुपयांचे बिटकॉइन दिसत होते. पाच महिन्यांपूर्वी त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतील चार लाख रुपये त्यात घातले होते.

“आता पैसे काढायला सांगतो, तर आधी दीड लाख कर भरा म्हणतात,” अण्णा म्हणाले. “हिच्या पाटल्या गहाण ठेवाव्या असा विचार आहे. दीड लाख भरून अकरा लाख हाती येत असतील तर काय वाईट?”

वहिनींना यातले काहीच ठाऊक नव्हते. आम्ही मराठीचे मास्तर. या विषयात आमची गती शून्य. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही अण्णांना घेऊन शनवाऱ्याजवळील आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. त्याचे संगणकदुरुस्तीचे दुकान आहे. दुकानाच्या कोपऱ्यात एक जुना संगणक रात्रंदिवस चालू असतो. त्याच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, “सर, ही माझी वही.” त्यानंतर दोन-तीन बैठकांत त्याने जे समजावून सांगितले, ते आमच्या वाचकांस उपयोगी पडेल अशा आशेने येथे मांडीत आहोत.

बिटकॉइनची कल्पना सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात प्रथम मांडली गेली आणि ३ जानेवारी २००९ रोजी तिच्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. हे नाणे धातूचे नाही, कागदाचेही नाही. ती केवळ एका वहीतील नोंद आहे. परंतु ही वही कोणा एका बँकेच्या तिजोरीत नसून तिच्या हजारो प्रती जगभरच्या संगणकांवर आहेत. सुमारे दर दहा मिनिटांनी तीत एक नवे पान जोडले जाते. या पानास ‘ब्लॉक’ म्हणतात. प्रत्येक पानावर मागील पानाचा गणिती ठसा असतो. मागच्या कोणत्याही पानावर एक अक्षर बदलले, तर त्याचा ठसा बदलतो आणि पुढील सर्व पानांशी त्याचा मेळ तुटतो. त्यामुळे जुनी नोंद गुपचूप खोडता येत नाही.

ज्या संगणकावर ही वही पहिल्या पानापासून तपासली जाते आणि पुढील प्रत्येक पानही तपासूनच स्वीकारले जाते, त्यास ‘फुल नोड’ असे नाव आहे. यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे सॉफ्टवेअर म्हणजे ‘बिटकॉइन कोअर’. ते विनामूल्य आहे. प्रथम चालू केले की ते इतर नोडांकडून २००९ पासूनची सारी पाने मागविते. ही वही आज ६०० गिगाबाइटांहून मोठी झाली आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या जुन्या संगणकास ती उतरवून तपासण्यास दोन आठवडे लागले. मधूनमधून वीज जाई, ती वेळ निराळीच. जागा थोडी असेल, तर तपासून झालेली जुनी पाने टाकून देण्याचीही सोय त्यात आहे. मात्र तपासणी तेव्हाही पहिल्या पानापासूनच होते.

तपासणी कसली? नोड प्रत्येक व्यवहारास काही रोखठोक प्रश्न विचारतो. देणाऱ्याची सही खरी आहे काय? हेच नाणे त्याने आधी दुसऱ्या कोणास दिलेले तर नाही ना? जितके आले, त्याहून अधिक तर तो देत नाही ना? आणि पान जोडणाऱ्याने स्वतःच्या मोबदल्यात नियमापेक्षा अधिक नाणी तर घातली नाहीत ना? हा मोबदला आरंभी पानामागे ५० नाण्यांचा होता. तो ठरावीक पानांनंतर निम्मा होत एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५ वर आला. या हिशेबाने एकूण नाणी कधीही २ कोटी १० लाखांपलीकडे जाणार नाहीत. यांतील एका जरी प्रश्नाचे उत्तर चुकले, तर नोड ते पान नाकारतो, मग ते कितीही बलाढ्य कंपनीने पाठविलेले असो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नवी पाने जोडणारे निराळे. त्यांना ‘मायनर’ म्हणतात आणि प्रचंड वीज लागते ती त्यांच्या कामास. नोडास साध्या संगणकाइतकीच वीज पुरते व त्यास मोबदला म्हणून एक पैही मिळत नाही. ‘नोड घ्या आणि घरबसल्या रोज कमवा’ असे कोणी सांगू लागला, तर वाचकांनी तेथूनच परतावे.

कसोटीचा दगडही कधी सदोष निघतो. १५ ऑगस्ट २०१० रोजी सॉफ्टवेअरमधील बेरजेच्या एका चुकीचा लाभ घेऊन कोणी तरी १८ हजार कोटींहून अधिक बिटकॉइन एका व्यवहारात निर्माण केले. काही तासांत दुरुस्त आवृत्ती तयार झाली, नोड चालविणाऱ्यांनी ती स्वीकारली आणि ते खोटे पान सर्वांच्या वहीतून बाद झाले. म्हणून सॉफ्टवेअर मूळ ठिकाणाहूनच घ्यावे, त्यासोबतची डिजिटल सही पडताळावी आणि नव्या आवृत्त्यांकडे दुर्लक्ष करू नये, असे आमच्या विद्यार्थ्याने बजावले.

आता ‘वॉलेट’ या शब्दाविषयी. वॉलेट म्हणजे पाकीट. त्यामुळे नाणी त्यात असतील असे वाटते. वस्तुतः नाणी वहीतच असतात. वॉलेटमध्ये असतो तो किल्ल्यांचा जुडगा. किल्ली म्हणजे एक अतिशय मोठी गुप्त संख्या. तिच्यावरून ‘पत्ता’ तयार होतो. पत्ता कोणासही द्यावा, किल्ली कोणासही देऊ नये. ज्याच्याजवळ किल्ली, त्याचे नाणे. मोबाइलमधील बहुतेक हलकी वॉलेटे किल्ली आपल्याजवळ ठेवितात, पण वही मात्र दुसऱ्याच्या संगणकास विचारतात. आपले पत्ते कोणते हेही त्या संगणकास त्यामुळे कळू शकते. बाजारपेठी कंपन्यांकडे ठेवलेल्या नाण्यांची तर किल्लीही आपली नसते. फुल नोडाच्या वॉलेटमध्ये वही आपली आणि किल्लीही आपली.

इतके सांगून झाल्यावर आमच्या विद्यार्थ्याने अण्णांचा मोबाइल हाती घेतला. त्या ॲपने ‘तुमच्या बिटकॉइनचा पत्ता’ म्हणून एक लांबलचक अक्षरमाला दाखविली होती. ती त्याने आपल्या संगणकास दिली आणि आजमितीस न खर्चिलेल्या सर्व नाण्यांत या पत्त्यावर काय आहे, ते शोधण्यास सांगितले. काही मिनिटांनी उत्तर आले: शून्य.

अण्णा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. “तुझी वही चुकत असेल,” ते म्हणाले.

“चुकू शकते, सर. आणि नाणी आम्ही दुसऱ्या पत्त्यावर एकत्र ठेवतो, असेही कंपनी म्हणू शकेल,” तो शांतपणे म्हणाला. “पण मग तुमच्याजवळ नाणे नाही, कंपनीचा शब्द आहे. आपण आणखी एकदा वाजवून पाहू.”

त्याने तेथल्या तेथे अण्णांसाठी नवे वॉलेट उघडून एक नवा पत्ता काढला आणि कंपनीच्या माणसास संदेश पाठविण्यास सांगितले: अकरा लाखांपैकी केवळ पाच हजारांचे बिटकॉइन या पत्त्यावर पाठवा. खरे नाणे आले असते, तर त्या कोपऱ्यातील वहीत त्याची नोंद दिसली असती. उत्तर आले, “प्रथम कर भरा.” आपल्याकडे १ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के आयकर आहे, हे खरे. परंतु तो सरकारकडे भरावयाचा असतो. व्यवहारावरील १ टक्का करकपात १ जुलै २०२२ पासून लागू आहे, तीही विक्रीच्या रकमेतूनच वळती होते. आपलेच पैसे सोडविण्यासाठी कंपनीच्या हाती नवे दीड लाख ठेवण्याचा नियम कोठेही नाही.

दुसऱ्याच्या वहीवर विसंबण्याचे परिणाम याआधीही दिसून आले आहेत. टोकियोतील ‘माउंट गॉक्स’ ही बाजारपेठ २०१४ मध्ये बुडाली, तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे जाहीर झाले. त्यांतील सुमारे दोन लाख पुढे सापडले. आपल्या देशात ‘गेनबिटकॉइन’ योजनेने अठरा महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखविले आणि पुढे लोकांच्या हाती स्वतःचेच कमी किमतीचे नाणे ठेवले. तिच्या प्रमुख आरोपीस पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली. १८ जुलै २०२४ रोजी ‘वझीरएक्स’ या भारतीय बाजारपेठेतून सुमारे २३ कोटी डॉलरची आभासी नाणी चोरीस गेली आणि ग्राहकांची नाणी दीर्घकाळ अडकून पडली. या तिन्ही गोष्टींची कारणे निराळी आहेत. कोठे चोरी आहे, कोठे फसवणूक. ठेवीदाराची स्थिती मात्र तिन्ही ठिकाणी सारखीच होती. त्याच्यापाशी पडद्यावरील आकडा होता, किल्ली नव्हती.

असे असले तरी सर्वांनी फुल नोड चालवावा किंवा बिटकॉइन घ्यावे, असे आमचे म्हणणे नाही. नोड नाण्याचा खरेखोटेपणा सांगतो, त्याचा उद्याचा भाव सांगत नाही. आणि तो भाव किती चढतो-उतरतो, हे वृत्तपत्रे वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. भारतात हे कायदेशीर चलन नाही. एका नाण्यातील तोटा अन्य उत्पन्नातून वजाही करता येत नाही. शिवाय वही आणि किल्ली आपली, म्हणजे जबाबदारीही सर्वस्वी आपलीच. वॉलेटला लावलेला परवलीचा शब्द विसरला, किंवा वॉलेटची फाइल प्रत न ठेवता नष्ट झाली, तर दाद मागावयास कोणतीही कचेरी नाही. किल्ली चोरास सांगितली गेली, तर झालेला व्यवहार कोणी परतवीत नाही. म्हणून ज्यांना हा मार्ग धरावयाचा आहे, त्यांनी फाइलच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्या आणि त्या कोठे आहेत, हे घरातील एका तरी विश्वासू माणसास सांगून ठेवावे. कर्त्या माणसाबरोबर किल्ली गेली, तर मागे राहणाऱ्यांस वहीतील नोंद केवळ पाहता येईल.

अण्णांनी पाटल्या गहाण ठेवल्या नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी वहिनींना सर्व हकिगत सांगितली. सायबर गुन्ह्यांसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रारही नोंदविली. तक्रारीस उशीर झाला होता. चार लाख रुपये अद्याप परत आलेले नाहीत. “आयुष्यभर पोरांना हिशेब शिकवले, आणि स्वतःचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत ठेवला,” असे ते परवा आम्हास म्हणाले. त्यावर आम्हास उत्तर सुचले नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुले आज परगावी वा परदेशी आहेत आणि निवृत्तीची पुंजी घेऊन आईवडील घरी एकटेच मोबाइलसमोर बसलेले आहेत. त्यांनी नोड चालविण्याची आवश्यकता नाही. पडद्यावर वाढणारा आकडा कोणी दाखविला, तर थोडेसे नाणे आमच्या किल्लीखाली आणून दाखवा, एवढीच मागणी त्यांनी करावी. आणि ती मान्य होईपर्यंत कपाटातील दागिने कपाटातच राहू द्यावेत.